गांवच्या शाळेचे तीन हिशेब

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हिशेबाचें महत्त्व सांगावयास नको. घरांत धान्य किती आलें, तेलाचा डबा किती दिवस पुरला, कोणत्या मुलाची फी केव्हां भरावयाची, हें कोणाच्या ना कोणाच्या ध्यानांत असतेंच. आणि ज्या घरांत तें कोणाच्याच ध्यानांत नसतें, त्या घरास उतरती कळा लागावयास फार दिवस लागत नाहींत. परंतु अशाच नेटक्या घरांतील जाणत्या माणसांस, ‘आपल्या गांवच्या शाळेला गेल्या वर्षीं पैसा किती आला, तो कशावर खर्च झाला, तेथील कारभारावर देखरेख कोणाची, आणि पांचवींतील मुलांपैकीं कितींना पुस्तक धड वाचतां येतें?’ असें विचारलें, तर चारी प्रश्नांस बहुधा एकच उत्तर मिळतें, ‘तें गुरुजींना ठाऊक.’ वास्तविक गांवांतील सर्वांत मोठी सामाईक मालमत्ता म्हणजे शाळा. देवळाच्या वर्गणीवरून चारचौघांत वाद होतात, यात्रेच्या जमाखर्चावरून भांडणेंहि होतात. शाळेच्या जमाखर्चावरून वादसुद्धां होत नाहीं, ही आम्हांस काळजीची गोष्ट वाटते.

हा लेख लिहितांना आमच्या डोळ्यांपुढें तेरखेडा व त्याच्या आसपासचीं खेडीं आहेत. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यांतील हें गांव सोलापूर-धुळें महामार्गावर वसलेलें असून शोभेच्या दारूच्या कारखान्यांमुळें त्याचें नांव दूरवर गेलेलें आहे. भोंवतालचा मुलूख बालाघाटच्या माळरानांचा आणि पावसाच्या मर्जीवर जगणारा. येथील एखाद्या विवक्षित शाळेचीं उणींदुणीं काढण्याचा आमचा हेतु नाहीं. सांगावयाचें आहे तें या टापूंतील जिल्हा परिषदेच्या कोणत्याहि शाळेस लागूं पडेल असें आहे. सत्तेचा, पैशाचा आणि विद्येचा असे शाळेचे तीन हिशेब असतात. ते निरनिराळ्या कागदांवर लिहिलेले असले तरी एकत्र वाचल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाहीं. आणि ते वाचण्याचें काम आतां कायद्यानेंच गांवाकडे सोंपविलेलें आहे, इतकेंच आमचें म्हणणें.

प्रथम थोडा मागचा इतिहास पाहूं. या भागांत शाळेची वाट कधींच सोपी नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें व त्याचें माध्यम उर्दू ठरलें. वरच्या शिक्षणाचा रस्ता त्या भाषेंतून जात असल्यामुळें, घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास विद्येसाठीं दुहेरी चढण चढावी लागे. खासगी शाळा काढावयाची म्हटलें तर सरकारी परवानगीचा अडसर आडवा येई. अशा दिवसांत, १९२१ सालीं, याच जिल्ह्यांतील हिप्परगा येथें राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें स्वामी रामानंद तीर्थ या नांवानें सर्वश्रुत झालेले व्यंकटेश खेडगीकर हे त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. हातीं सत्ता नाहीं, तिजोरी नाहीं, अशा स्थितींत त्या पिढीनें शाळा उभी केली होती, हें विसरून चालणार नाहीं.

संस्थानाच्या सीमेपलीकडे काय चाललें होतें? बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत व १९०६ सालीं सर्व राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं तोच मार्ग धरला. ब्रिटिश हद्दींत मात्र गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं मांडलेलें विधेयक पुढच्याच वर्षीं नामंजूर झालें. त्याहिपूर्वीं, १८८२ सालीं, जोतीराव फुले यांनीं हंटर आयोगापुढें लेखी निवेदन देऊन, रयतेच्या घामांतून येणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेचीं मुलें मात्र अक्षरावांचून राहतात, हें स्पष्ट शब्दांत सांगितलें होतें. शाळेच्या पैशाचा प्रश्न इतका जुना आहे. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचें शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि तदनुसार २००९ सालीं झालेला कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. म्हणजे फुल्यांच्या निवेदनापासून या हक्कापर्यंत सव्वाशेंहून अधिक वर्षें गेलीं.

आतां सत्तेचा हिशेब. महाराष्ट्रांत १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या, व खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्या स्वाधीन झाल्या. जिल्ह्यास शिक्षणाधिकारी, तालुक्यास गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखालीं विस्तार अधिकारी, जवळपासच्या कांहीं शाळांच्या गटावर केंद्रप्रमुख आणि शाळेंत मुख्याध्यापक, अशी ही उतरंड आहे. शिक्षकांची नेमणूक, बदली, नव्या इमारतीची मंजुरी या गोष्टी या उतरंडींत वरच्या वर ठरतात. त्यांत गांवाचा हात फारसा पोंचत नाहीं, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. शिवाय लोकनियुक्त सभासदांचा आधारहि सदोदित असतोच असें नाहीं. राज्यांतील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ सालीं संपली, निवडणुका लांबत गेल्या, आणि कित्येक वर्षें कारभार प्रशासकांच्या हातीं राहिला.

परंतु या उतरंडीच्या तळाशीं कायद्यानें एक वेगळीच पायरी बांधलेली आहे. ती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिति. २००९ च्या कायद्याप्रमाणें या समितींत तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप असले पाहिजेत, आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. अध्यक्ष पालकांपैकीं आणि मुख्याध्यापक हे सचिव, अशी आपल्याकडील रचना आहे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणें, शाळेची विकास-योजना तयार करणें आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो हें पाहणें, हीं या समितीचीं कामें कायद्यांतच लिहिलेलीं आहेत. हिप्परग्याच्या पिढीस असा अधिकार मिळाला असता तर तिनें काय केलें असतें, याची वाचकांनींच कल्पना करावी. आज तो अधिकार घरबसल्या मिळालेला असतां पुष्कळ ठिकाणीं सभेची वही सह्यांसाठीं घरोघर फिरते. आईचें नांव सभासद म्हणून लागलेलें असतें, आणि सभेस तिच्याऐवजीं तिचा नवरा येतो. तोहि बहुधा सही करून लगोलग निघून जातो.

दुसरा हिशेब पैशाचा. शाळेवरील खर्चाचा फार मोठा भाग शिक्षकांच्या पगाराचा असून तो राज्याच्या तिजोरींतून येतो. त्याविषयीं गांवानें विचारण्यासारखें थोडें आहे. परंतु रोजच्या शाळेसाठीं, म्हणजे वीज, पाणी, फळा, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती इत्यादींसाठीं, समग्र शिक्षा योजनेंतून जें संयुक्त शाळा अनुदान मिळतें, तें प्रत्येक पालकास पाठ असावें. २०१८ सालीं सुरू झालेल्या या योजनेचें प्रमाण पटावरील मुलांच्या संख्येवरून ठरतें. तीसपर्यंत मुलें असलेल्या शाळेस वर्षाला १०,००० रुपये. एकतीस ते शंभरपर्यंत २५,०००. त्यावर अडीचशेंपर्यंत ५०,०००. आणि त्यावर एक हजारापर्यंत ७५,००० रुपये. यांतील निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च व्हावयाचा असतो. नव्वद मुलांची शाळा धरली तर २५,००० रुपयांप्रमाणें वर्षाकाठीं एका मुलामागें सुमारें २७८ रुपये पडतात, म्हणजे महिन्याला अवघे तेवीस. इतक्या थोड्या पैशांत शाळा टापटिपीनें चालवावयाची तर तो पैसा मोजून-मापूनच खर्च झाला पाहिजे. आणि पैसा थोडा असला म्हणजे त्यावर नजर ठेवणेंहि सोपें जातें.

अन्नाचा हिशेब तर आमच्या भगिनींनींच पाहण्यासारखा आहे. शाळेंतील दुपारच्या जेवणाची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झाली. पुढें २००१ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें कोरड्या धान्याऐवजीं शिजविलेलें अन्न देणें बंधनकारक झालें. पांचवीपर्यंतच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, त्यांतून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें, आणि सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, असें त्याचें प्रमाण आहे. पांचवीपर्यंतचीं नव्वद मुलें जेवलीं अशी नोंद असेल तर त्या दिवशीं नऊ किलो तांदूळ शिजला पाहिजे. पंचवीस पानांचा स्वयंपाक ज्या घरांत रोज होतो, तेथील सासूबाईंना पातेल्याकडे पाहतांच किती तांदूळ शिजला हें कळतें. या ज्ञानाचा शाळेस उपयोग व्हावा.

येथेंच एका बारकाव्याकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. पटावर एकतीस मुलें असतील तर शाळेस २५,००० रुपये मिळतात. त्यांतील एक मूल कमी झालें कीं १०,०००. म्हणजे एका नांवाच्या खोडण्यानें उरलेल्या तीस मुलांचे पंधरा हजार रुपये जातात. शिक्षकांच्या बाबतींतहि असेंच आहे. कायद्याच्या परिशिष्टांत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक व एकसष्टाव्या मुलापासून तिसरा शिक्षक असें प्रमाण दिलेलें आहे. राज्याच्या संचमान्यतेच्या आदेशांनीं या आंकड्यांत वेळोवेळीं फेरफार होतो, तरी तत्त्व तेंच राहतें. आणि आपल्याकडे ही मोजणी ३० सप्टेंबरच्या पटावरून करण्याची रीत आहे. एखाद्या घरानें आपला मुलगा काढून बार्शीस किंवा धाराशिवास इंग्रजी शाळेंत घातला, तर तो त्या घराचा खासगी निर्णय असें आपण समजतों. परंतु मागें राहिलेल्या मुलांचा शिक्षक त्या निर्णयानें जाण्याचा संभव असतो. पांच इयत्ता व दोन शिक्षक म्हणजे काय, हें आम्हांस वर्गावर उभें राहिल्याच्या अनुभवानें ठाऊक आहे. एका इयत्तेस पाढे म्हणावयास लावावें तेव्हां दुसरीस धडा सांगतां येतो, आणि तिसरी त्या वेळीं खिडकीबाहेर पाहत असते.

तिसरा हिशेब विद्येचा, आणि खरें पाहतां पहिले दोन याच्याचसाठीं. कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीसाठीं वर्षाला निदान २०० दिवस व ८०० तास शाळा भरली पाहिजे. परंतु दिवस भरले म्हणजे विद्या आली असें होत नाहीं. ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ नांवाची पाहणी २००५ पासून होत आलेली आहे. तींत कार्यकर्ते खेड्यांतील घरोघर जाऊन मुलांच्या हातीं दुसरीच्या पातळीचा एक उतारा देतात व तो वाचावयास सांगतात. देशांतील सरकारी शाळांत पांचवींत असलेल्या ग्रामीण मुलांपैकीं असा उतारा वाचूं शकणारीं मुलें २०१८ सालीं शेंकडा ४४.२ होतीं, साथीमुळें शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ सालीं, हें प्रमाण ३८.५ वर घसरलें. २०२४ सालीं तें ४४.८ वर आलें. झालेली घट भरून निघाली ही समाधानाची गोष्ट खरी. तथापि शंभरांतील पंचावन्न मुलें पांचवींत असूनहि दुसरीचें वाचूं शकत नव्हतीं, हाहि त्याच आंकड्याचा अर्थ आहे.

सरकारचें याकडे लक्ष नाहीं असें नव्हे. महाराष्ट्रानें २२ जून २०१५ रोजीं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर केला, आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावें यासाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें ‘निपुण भारत’ हें अभियान काढलें. परंतु वरून आलेला आदेश मुलाच्या पाटीपर्यंत पोंचतांना वाटेंत अनेक अडचणी उभ्या राहतात. आमच्या भागांतील मोठी अडचण ऊसतोडणीची. दिवाळी उलटली कीं अनेक घरांतील नवराबायको कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात, व मुलेंहि त्यांच्याबरोबर जातात. जून ते ऑक्टोबर शिकलेलें मार्चपर्यंत पुसून जातें. अशा मुलांना गांवींच ठेवून घेण्यासाठीं हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे. आजीआजोबांपाशीं राहणाऱ्या मुलास जेवण मिळालें व संध्याकाळीं अभ्यासास कोणी बसविलें, तर त्याचें वर्ष वांचतें. हें वसतिगृह वेळेवर सुरू झालें कीं नाहीं, त्याची यादी कोणीं केली, यावर त्या मुलांचें वाचन अवलंबून असतें. तिन्ही हिशेब एकत्र वाचावे लागतात असें आम्ही म्हणतों तें यासाठीं.

मुलास विद्या आली कीं नाहीं हें ओळखावयास मोठी परीक्षा लागत नाहीं. आपल्या शास्त्रकारांचा स्थालीपुलाकन्याय येथें पुरेसा आहे. भात शिजला कीं नाहीं हें शितावरून कळतें. पांचवींतील चार मुलें जवळ बसवावीं, दुसरीच्या पुस्तकांतील एक पान वाचावयास द्यावें, आणि हातच्याची एक वजाबाकी घालावी. अर्ध्या घटकेंत सर्व उमगतें. मात्र हें शिक्षकाचा पाणउतारा करण्यासाठीं करूं नये. जनगणना, निवडणूक, नाना प्रकारच्या माहित्या भरणें या ओझ्याखालीं तोहि वाकलेला असतो. ‘गुरुजी, यांतील दोघांचें वाचन अडतें, आम्हांकडून काय व्हावें?’ असें विचारणारा पालक शिक्षकास हवाच असतो.

या सर्वांत तांतडीचा प्रश्न लहान शाळांचा आहे. २०२३ सालीं राज्यांत वीसांहून कमी पट असलेल्या शाळांची संख्या चौदा हजारांवर असल्याचें प्रसिद्ध झालें, व अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारनें पुढें मांडला. त्यावर पुष्कळ वाद झाला. सरकारी बाजू अगदींच टाकाऊ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. आठ मुलांच्या शाळेंत खेळावयास गडी मिळत नाहींत, ग्रंथालय नसतें, आणि एकटा शिक्षक रजेवर गेला कीं शाळाच रजेवर जाते. उलट बाजूस, नियमानें प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावयाची आहे, ती कशासाठीं? वस्तीवरची सात वर्षांची मुलगी ओढा ओलांडून तीन किलोमीटर जाईल काय, आणि तिची आई तिला पाठवील काय? गाडीची सोय कागदावर झाली तरी पावसाळ्यांतील चिखलाच्या वाटेनें ती येईल काय? या प्रश्नांचीं उत्तरें प्रत्येक वस्तीस निराळीं आहेत, आणि म्हणूनच तीं त्या वस्तीच्या समितीनेंच आंकड्यांनिशीं दिलीं पाहिजेत. ज्या समितीच्या वहींत केवळ सह्या आहेत, तिच्याजवळ द्यावयास उत्तर नसतें; मग निर्णय दुसरीकडे होतो.

कोणी म्हणेल, ‘आमचीं मुलें या शाळेंत नाहींत, मग हा खटाटोप आम्हीं कां करावा?’ आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अक्षर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलें आहे. गांवची शाळा बंद पडली तरी त्यांचें अडत नाहीं. घरांत आजोबा आहेत, पुस्तकें आहेत, शहरांत बिऱ्हाड करण्याची ऐपत आहे. अडतें तें ज्यांच्या घरांत अक्षर प्रथमच येत आहे त्यांचें. पूर्वीं शाळेची दारें त्यांना बंद होतीं, हें आपल्यापैकीं कोणासहि नाकारतां येणार नाहीं. आज तीं उघडीं असतांना आंत कांहीं शिकविलें जातें कीं नाहीं हें पाहण्याची जबाबदारी, ज्यांना हिशेब वाचतां येतो त्यांच्यावर अधिक आहे. तेरखेड्यासारख्या दारूकामाच्या गांवीं तर डब्यावरची धोक्याची सूचना वाचतां येणें हा जिवाचाच प्रश्न होतो.

करावयाचें तें फार नाहीं. समितींत पालकांखेरीज जो एक-चतुर्थांश भाग आहे, त्यांत लोकप्रतिनिधि व शिक्षक यांच्याबरोबर स्थानिक शिक्षणतज्ज्ञासहि जागा असते. गांवांतील निवृत्त शिक्षकानें ती मागून घ्यावी. वर्षांतून चार वेळां तरी ग्रामसभा भरते; सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट व दोन ऑक्टोबर हे तिचे ठरलेले दिवस आहेत. त्यांतील एका सभेंत शाळेचें अनुदान व त्याचा खर्च मोठ्यानें वाचून दाखविण्यास सांगावें. प्रेमानें विचारून माहिती मिळत नसेल तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे, व त्याच्या अर्जास दहा रुपये लागतात. पण तो उपाय शेवटचा. घरांतील पदवीधर सुनेनें आठवड्यांतून एक दुपार शाळेंत जाऊन दुसरी-तिसरीच्या मुलांकडून गोष्टी वाचून घ्याव्या. समितींत असलेल्या शेजारणीस तिनें बरोबर न्यावें, म्हणजे ती शेजारीण सभेसहि स्वतः येऊं लागेल. आणि ३० सप्टेंबरपूर्वीं एकदां गांवांत फिरून शाळेबाहेर राहिलेलें मूल कोणाचें, तें पाहावें. तें सांपडलें तर त्याचें नांव त्याच दिवशीं पटावर लावून घ्यावें.